बिनदांड्याची

नवापुऱ्यातल्या प्रसूतिगृहामागे कडुलिंबाला
साखळीनं बांधलेली. किल्ली कुणाकडेच नव्हती.
सिस्टर रिबेका मॅकवानचा भाचा नडियादहून आला,
म्हणाला, सहाशे द्या, साखळी तुम्हीच कापा.
कापली. दोन दुपारी गेल्या.

घरी आणली तेव्हा गॅलरीतून मंदाकिनी म्हणाली,
अहो, ही तर लेडीज.
उजवा पाय वर टाकायचा तर डाव्यावर उभं राहावं लागतं,
आणि माझा डावा खुबा आता
कुणाचाच भार घेत नाही. म्हटलं,
पाय जिथून जाईल ती सायकल माझी.

दांडिया बाजारात बिनदांड्याची सायकल!
पानवाल्या नरोत्तमनं हा विनोद आठवडाभर पुरवला,
चुन्यासोबत, फुकट.

रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल.
जुन्या बनियनचे बोळे, दात घासायचा ब्रश,
वर्तमानपत्रावर मांडलेले छर्रे:
एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला नऊ.
उरलेले दोन कुठल्या रस्त्यावर गेले असतील.
काळ्या रंगाखाली मरून निघाला, मरूनखाली हिरवा,
हिरव्याखाली काहीच नाही, नुसतं लोखंड,
बोट लावलं की थंड.

सीटचा दांडा मात्र हलेना.
घडियाळी पोळाच्या तोंडाशी याकूबभाईंचं दुकान.
त्यांनी हातोडी उचलली, परत ठेवली,
तेलाचे चार थेंब सोडले आणि म्हणाले,
धीरज राखो, शिरकेभाई,
लोखंडालापण वाटलं पायजे की सुटायचंय.
नवव्या दिवशी त्याला वाटलं.

मग त्यांनी पॅडल फिरवून दाखवलं.
उजव्याचं रबर घासून खोबऱ्याच्या वाटीएवढं खोल,
डावं जवळजवळ कोरं,
त्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती.
बेन लंगडत असणार, ते म्हणाले,
सगळा जोर एकाच पायात.

रात्री भाच्याला फोन केला. हो, म्हणाला, पोलिओ.
चालत ती दहा पावलंसुद्धा जायची नाही,
कोथिंबीर आणायलापण सायकल.
वर बसली की कुणाला कळायचं नाही.
आणि अडलेल्या बाईचं बोलावणं आलं
की रात्री दोनला डायनॅमोचा घर्रर आवाज,
आमची गल्ली त्या आवाजावर कूस बदलायची.

याकूबभाई फळीवरून नवी जोडी काढत होते.
म्हटलं, राहू द्या.
त्यांनी विचारलं नाही. जोडी पुन्हा कागदात गेली.

आता रोज साडेनऊला रावपुऱ्यात,
चष्म्याच्या दुकानात, हिशेब लिहायला.
संध्याकाळी खंडेराव मार्केट, पापडी, रताळी,
शनिवारी कॅरियरवर दळणाचा डबा,
ट्यूबच्या रबरानं आवळलेला, तरी झाकण थरथरतं
आणि माझ्या पाठीवर बाजरीचं पीठ उडतं.
शाळेच्या पोरी मागून ओरडतात, काका, साइडमां!
मी साइडमध्ये होतो.
चेनकव्हर प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करतं.
तीनदा ठोकून सरळ केलं, तरी करतं.

गेल्या गुरुवारी दुपारी घरी आलो
(ताप होता, लवकर सुटलो)
तर जिन्याखाली सायकल नाही.
मंदाकिनीपण नाही.
चोरी म्हणावं, तर पिशवीही खुंटीवर नव्हती.
पायरीवर बसलो.
बत्तीस वर्षांच्या संसारात
तिला सायकल येते हे मला माहीत नव्हतं.
मी विचारलं नव्हतं हेही खरं.

कोपऱ्यापलीकडून आधी टक् ऐकू आलं,
मग टक्, मग ती.
पदर खोचलेला, मागच्या चाकाच्या जाळीला
निऱ्या नुसत्या टेकून सरकत होत्या,
ती जाळी मी शोभेची समजून
काढून टाकणार होतो.
उतरताना म्हणाली, ब्रेक उजवा ढिला आहे.
आणि हो, सीट खाली केलीय, दोन बोटं.

पाहिलं. दांड्यावरच्या गंजाच्या जुन्या कड्याशी
सीट बरोब्बर येऊन बसली होती.

सकाळी मी वर करतो, दुपारी ती खाली.
तेरा नंबरचा पाना आता
दाराशी, किल्ल्यांच्या खिळ्यावर असतो.